आबादादाच्या दारापर्यंत मोटार

मुक्काम शुक्रवार पेठ, सोलापूर (सध्या वाटेत)
नागपंचमीचा आदला दिवस

तीर्थरूप आबादादा यांच्या पायांवर धाकटी बहीण सारजा हिचं डोकं. आम्ही सगळी खुशाल आहोत, तुमची खुशाली कळावी. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल तर मला लई आनंद आहे, आणि मथुरावहिनी वाचून दाखवत असतील तर त्यांनी शेवटचा भाग जरा हळू आवाजात वाचावा. वहिनींची कंबर कशी आहे? माझे गुडघे जिथल्या तिथं आहेत, म्हणजे वाकत नाहीत. आज तुमच्या नावाचा उपवास, म्हणून सकाळपासून शेंगदाण्याचा एक लाडू खाऊन आहे (दोन झाले, पण दुसरा मोडलेला होता). अक्षर वाकडं आलं तर माझ्या दुसरीपर्यंतच्या शाळेला बोल लावू नका. नातवाची पाटी मांडीवर घेऊन मोटारीत बसून लिहिते आहे.

आज तुमच्याकडेच यायला निघालोय, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. ते सांगते. पण मोटार कुठली हे आधी सांगितल्याशिवाय तुम्हाला काही उलगडायचं नाही.

आमच्या कुंडलिकचं भांड्यांचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. बाजाराला माल न्यायचा तर एस.टी.च्या टपावरून न्यावा लागतो आणि जाताना गोल असलेला हंडा पोचेपर्यंत चौकोनी होतो. चेमटलेल्या कळशा कोण घेणार? त्या सगळ्या आमच्याच घरात येतात. आमच्याकडं पाणी प्यायला आलेल्या माणसाला वाटतं हे लोक भांडणं फार करतात. तर मागच्या महिन्यात आमच्या बोळाच्या तोंडाशी राहणारे चनमल्लप्पा म्हणाले की माझी वॅगन नुसती उभी आहे, घ्या. मला वाटलं वॅगन म्हणजे मालगाडीची, कुर्डुवाडीला असते ती, आणि ती बोळात शिरायची कशी. पण ती निघाली लांबडी मोटार. पुढं माणसं, मागं सामान, आणि मागचं दार कपाटासारखं उघडतं. आतून तांबडी गादी. दादा, मी बसले आणि गुडघ्यांनी तक्रार केली नाही. एवढंच बघितलं मी तिच्यात, बाकीचं पुरुषांनी बघितलं.

आता प्रश्न आला की विकत घ्यायची का महिन्याच्या भाड्यानं ठेवायची. चनमल्लप्पांना दोन्ही चालत होतं. आमच्या घरी जेवताना रोज हाच विषय, आणि जो तो हातातला घास तसाच धरून बोलायचा. कुंडलिक म्हणे भाड्याची बरी, बिघडली तर त्यांची ती दुरुस्त करतील. सूनबाई विजयमाला म्हणे बारा महिने भाडं भरून शेवटी हातात काय, तर मोकळी किल्लीसुद्धा नाही. कुंडलिकचे वडील म्हणाले, एस.टी. चांगली, ती धुवावी लागत नाही (तसं त्यांनी मोटारीत बसून सांगितलं, आणि पहिल्या दिवशी मागच्या गादीवर जे आडवे झाले ते आज महिना होत आला, जेवणापुरते उतरतात). मी म्हटलं, हे म्हणजे म्हैस घ्यावी का रतीब लावावा असंच आहे. रतीब लावला की म्हैस आटली तरी आपली झोप मोडत नाही. पण पाहुणा आला आणि वाटीभर दूध जास्त पाहिजे झालं की रतीबवाल्याचं तोंड बघावं लागतं. विजयमालेला माझं म्हणणं पटलं. कुंडलिक म्हणाला, म्हैस पेट्रोल पीत नाही, आणि पेट्रोल आता कुठल्या भावाला जाऊन बसलंय ते तुला ठाऊक नाही. ते खरं आहे. ही मोटार आमच्या बोळातून नुसती मागं घेताना जेवढं पिते तेवढ्यात पूर्वी माणूस बार्शीला जाऊन येत असेल.

शेवटी महिनाभर भाड्यानं वापरून बघायचं ठरलं. तोटे लिहिते, म्हणजे मी एका बाजूनं बोलते असं व्हायला नको. ती बोळात उभी राहिली की भाजीवाली पलीकडंच अडकते आणि आम्हाला दोन घरं ओलांडून कोथिंबीर आणावी लागते. हॉर्न एकदा लागला की आपल्या मनानं थांबतो. दर सोमवारी चनमल्लप्पांना ती स्वतःला लागते, ते देवाला जातात. मंगळवारी परत आली की उदबत्तीचा वास येतो (हा तोटा नाही, चुकून इकडं लिहिला). पण त्या सोमवारी दार कसं रिकामं दिसतं ते काय सांगू. फायदे असे की पलीकडच्या पार्वतम्मांचे सांडगे टपावर एका दिवसात वाळतात, आणि त्या कधी नव्हे ते माझ्याशी गोड बोलायला लागल्या आहेत. हंडे गोलच्या गोल पोचतात. आणि आपल्याला कुठं जायचं तर फलाटावर उभं राहून कोण आपल्याला वर ओढून घेतं का ते बघायला लागत नाही. मागच्या वेळी मी तुमच्याकडं आले होते तेव्हा कंडक्टरनं मला वरून ओढलं आणि कुंडलिकनं खालून ढकललं. त्याला तीन वर्षं झाली. नंतर माझी छाती झाली नाही.

एके दिवशी मी चनमल्लप्पांना विचारलंसुद्धा, की अहो, ही आमची म्हणून बसू का तुमची म्हणून. ते म्हणाले, "सारजाबाई, ते तिला कुटं ठाऊक हाय? पेट्रोल घालंल त्याची ती." माणूस सरळ आहे. पण मला ते पटलं नाही. आपली आणि भाड्याची यात फरक असतो. आपल्या अण्णांची दमणी आठवा. पंचमीच्या आधी तुम्ही ती घेऊन मला न्यायला यायचा, बैलांवर हिरवी झूल, आणि सासरच्या बायका दारात येऊन बघायच्या. भाड्याचा छकडा आला असता तर कुणी उठलं असतं का? अण्णा गेले, दमणी गेली, मग तुम्ही एस.टी.नं यायला लागलात, आणि मग डोळ्यांमुळं तेही बंद झालं. मी तक्रार करत नाही. तुम्ही यायचं थांबलात म्हणून मीच आता यायचं म्हणते, एवढंच.

परवा महिना भरतो. काल जेवताना कुंडलिकनं हात धुतला आणि निकाल दिला. म्हणाला, "आई, पंचमीसाठी उद्याच मामाकडं जाऊ. इंजिन चालू असताना मामाच्या दारात गाडी उभी राहिली, तर घेतली. न्हायतर महिना भरंल त्या सकाळी चनमल्लप्पाला किल्ली. भाड्यानं बी नको." म्हणजे दादा, गाडी तुमच्या दारात पोचली तर मी दर पंचमीला आले, आणि नाही पोचली तर मी परत त्या फलाटावर. मी रात्रभर झोपले नाही (झोपले, पण स्वप्नात मोटारच होती).

पहाटे उठून मी तिची पूजा केली. चाकांखाली लिंबं, नारळ, हळदकुंकू सगळं रीतीनं. मग वाटलं, माहेराला निघालेली गाडी अशी उघडीबोडकी कशी न्यायची. बैल नाहीत म्हणून झूल पण नको का? माझं जुनं हिरवं इरकल लुगडं होतं. त्याच्या चार घड्या करून तिच्या तोंडावर, त्या जाळीवर, ताणून बांधलं. पक्क्या गाठी मारल्या. कुंडलिक म्हणाला हे काय आता, पण पूजेचं म्हणून गप्प बसला. बोळातल्या सगळ्या बायका दारात आल्या होत्या. पार्वतम्मांनी सांडग्यांसाठी परत कधी येणार तेवढं विचारून घेतलं. दादा, पंचेचाळीस वर्षांनी मी झुलीच्या गाडीतून माहेराला निघाले. मोटार मोहोळ सोडेपर्यंत मी पदर सावरून ताठ बसले होते.

बाकी प्रवास सुखाचा झाला. हवा चांगली आहे, ज्वारी गुडघ्याला लागली आहे, मुलं चिंचेखाली खेळताहेत. कुंडलिक जरा पंढरपूरला गेला आहे. मथुरावहिनींनी उद्याच्या दिंडांसाठी पुरण घातलं असेलच, गूळ जरा बेतानं घालावा. लहानथोरांस यथायोग्य सांगावं. आपली आज्ञेतली,
सारजा

ता.क. पत्र कशाला ते लिहायचं राहिलं. मोटार तुमच्या गावापासून पाऊण कोसावर मोठ्या चिंचेखाली उभी आहे. मागं वाटेतच तिच्या तोंडातून चुलीवरच्या हंड्यासारखी वाफ आली. कुंडलिकनं तिथल्या विहिरीवरून दोन कळशा पाणी घातलं (कळशा घरच्याच, चेमटलेल्या), मैलभर आली आणि परत तेच. तो म्हणाला इंजिन गेलं, गाडी नासकी आहे, बरं झालं घेतली नाही. आणि एका ट्रकात बसून पंढरपूरला मिस्त्री आणायला गेला. तरी हे पत्र घेऊन येणाऱ्या सिद्धप्पांबरोबर तुमची बैलजोडी आणि जाड दोर पाठवावा. ते दुधाच्या रतीबाचे आहेत, सायकल धरून मघापासून उभे आहेत आणि चिठ्ठी केवढी असते असं विचारताहेत. थोरल्या भावाला दोन ओळी कशा लिहायच्या? कुंडलिक यायच्या आत गाडी तुमच्या दारात लागली पाहिजे. बैल त्याच्या नजरेला पडायला नकोत, ते आधीच गोठ्यात गेलेले असावेत.

ता.क. दुसरा. सिद्धप्पांना अजून थोडं थांबवलं आहे. मघाशी गाडीच्या तोंडाला हात लावला तर लुगडं तव्यावरच्या फडक्यासारखं तापलेलं. मग माझ्या ध्यानात आलं. आपण भाताला दम द्यायला भांड्याचं तोंड फडक्यानं बांधतो, तसं मी इंजिनाला घरापासून दम देत आणलाय. वारा जायची जागा तीच असणार, मी ती चार घड्यांनी बुजवली. लुगडं सोडलं, घडी केली, आणि त्यावर बसले आहे. हे कुंडलिकला सांगायचं नाही. सांगितलं तर तो गाडी घेईल, पण मी मरेपर्यंत दर पंचमीला झुलीची गोष्ट सांगेल. हळू वाचायला सांगितलं ते बैलांसाठी, हे त्याहून हळू वाचावं.

ता.क. तिसरा. बैलांची गरज नाही. गार पाणी घालून विजयमालेनं किल्ली फिरवली. गाडीनं एकदा वासरासारखी पुढं उडी घेतली, कुंडलिकचे वडील जागे झाले, मग तिनं तो दांडा मधोमध आणला आणि आता इंजिन छान घुमतंय. वाफ नाही, काही नाही.

ता.क. शेवटचा. बैल पाठवाच. चालवता येणारा एकटाच माणूस पंढरपूरला गेलाय. चाक विजयमाला धरील. कुंडलिकसाठी "गाडी पुढे गेली" असं पाटीवर लिहून चिंचेला टांगते, त्यात खोटं काही नाही. दारात लागेपर्यंत इंजिन मात्र चालूच ठेवणार आहे. बोलणं तेवढंच झालं होतं, आणि तुमच्या उपवासाच्या दिवशी मला शब्द मोडायचा नाही. वहिनी म्हणतील तर येताना बैलांवर झूल घालून आणा. माझं लुगडं आता निवलेलंच आहे, पण तुमची असेल तर बरी.