स्क्रॅपयार्डामागचा सायफर

४ नोव्हें., मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत आज नऊ जण. स्क्रॅपयार्डामागे, पत्र्याच्या सावलीत. अकाउंट्सचा नीलेश तोंडाने बीट देतो, बाकीचे गोल उभे, सुचेल त्याने मधे येऊन रॅप करायचं. रॅपवाले याला सायफर म्हणतात. चार महिन्यांपूर्वी तो आणि मी, दोघंच होतो. लोक वेड्यात काढायचे.

नियम तीनच. मोबाइलमध्ये बघून वाचायचं नाही. गोलात कुणी कुणाचा सर नाही. दुसऱ्याची ओळ आपली म्हणून खपवायची नाही. संशय आला की सगळ्यांनी ओरडायचं, ‘कोणाची?’, मग नाव सांगावंच लागतं. आज नीलेशच सापडला. कान लाल.

६ नोव्हें., गुरुवार, सुट्टी
कपडे, भाजी, आई.
‘इंजिनिअर झालीस आणि कंपनीत जाऊन नाचतेस?’
नाचत नाही गं, बोलते.
‘तेच ते.’

१० नोव्हें., सोमवार
वनिता आली!!
डिस्पॅचला माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, कॉन्ट्रॅक्टवर. परभणीची, राहायला दिघीला. दिवसभर फोनवर ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडण, जिभेला धार तिथेच लागली असणार. दीड महिना डबा हातात धरून मागे उभी राहायची. आज डबा माझ्याकडे दिला आणि मधे आली.

गेटवर गाडी, गाडीत ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या पोटात भूक,
साहेब म्हणतो थांब जरा, अन् थांबण्यात कुणाची चूक?

पुढे अजून बरंच. नीलेश बीट द्यायचा थांबला तरी ती थांबली नाही.
मी कॉलेजपासून हे करतेय. मला असं एकदाही जमलेलं नाही. जळले. लिहून ठेवते, जळले.

१२ नोव्हें., बुधवार
एचआरच्या मॅडमनी बोलावलं. वाटलं ओरडणार, तर लाडात. ‘किती छान उपक्रम! दर शुक्रवारी कॉन्फरन्स हॉलमध्ये घेऊ, बॅनर लावू, फोटो काढू.’
विचारलं, कॉन्ट्रॅक्टवाले?
‘हॉलमध्ये पर्मनंट स्टाफच. पॉलिसी आहे.’
मग आम्ही भंगाराजवळच बरे, म्हटलं. त्या हसल्या. मी नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार
मंथली रिव्ह्यू. प्लँट हेड, सगळे मॅनेजर, मागच्या रांगेत आम्ही. सोनटक्के सरांनी (आमचे मॅनेजर, इथून पुढे सो.) पडद्यावर एक शीट लावलं. कुठली गाडी किती वाजता कुठल्या डॉकला. आता गाड्या गेटवर ताटकळत नाहीत, वगैरे. ‘मी डेव्हलप केलंय.’

ते शीट वनिताचं. तीन आठवडे माझ्या शेजारी बसून केलंय, मी बघितलंय. सो.नी नीट उघडूनसुद्धा पाहिलं नसणार, कारण शेवटचा कॉलम तसाच होता. ‘ड्रायव्हर जेवला का?’

प्लँट हेडनी विचारलं, हा कॉलम कशासाठी? सो. ततपप.
आणि माझ्या तोंडून गेलं, ‘कोणाची?’
मग नीलेश, ‘कोणाची?’ मग आणखी तिघं.
सो. म्हणाले, टीमची.
मी उभी राहिले. वनिताची, सर.

ती तिथे नव्हतीच. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना रिव्ह्यूला बसवत नाहीत.
नाशिक फाट्यापर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

१५ नोव्हें., शनिवार
वनिता सकाळपासून बोलत नव्हती. पाण्याच्या कूलरपाशी गाठलं.
‘तुला कुणी सांगितलं होतं माझं नाव घ्यायला?’
अगं, तुझंच काम होतं.
‘माझंच हाय, मला माहीत नाही का? तीस तारखेला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढचं सोनटक्के सरांच्या सहीवर हाय. तू पर्मनंट. तू बोललीस, लोक तुला वाघीण म्हणायलेत. मला काय म्हणतील?’
रिव्ह्यूमध्ये उभी राहताना तिचा विचार मनात आलाच नव्हता. सो. काय चेहरा करतील, एवढाच आला होता.
दोघांनीही तिला न विचारताच वापरलं. सो.नी आणि मी. हे लिहायला फार वेळ लागला.

१७ नोव्हें., सोमवार
स्क्रॅपयार्डाच्या वाटेला साखळी. ‘विनाकारण जमाव करू नये.’
मला पत्र. वरिष्ठांचा अवमान, अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा. सो. गोड आवाजात, ‘दोन ओळी सॉरी लिही, विषय संपव.’
नाही संपवणार.
जेवणाच्या सुट्टीत पाच जण पार्किंगमध्ये गोल करून उभे राहिलो. वनिता नव्हती. गेटवरचे भोसलेमामा आले, वाटलं हाकलतील. ‘मला नोटीस स्क्रॅपची दिलीया. पार्किंगचं आमाला काय बी म्हाईत न्हाई.’ आणि पाठ करून उभे राहिले.

१८ नोव्हें., मंगळवार
खुलासा लिहिला. सॉरी नाही. ‘मी मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारला. तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्याचं खरं उत्तर सरांनी अजून दिलेलं नाही.’ खाली सही. वनिताचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. एवढं तरी शिकले.

शिफ्ट सुटताना ती माझ्या टेबलाशी आली. कागद उचलला, दोनदा वाचला.
‘ह्यात माझं नाव नाही.’
तूच रागावलीस ना.
‘तवा तू विचारलं नव्हतंस.’
मग विचारलं. घालू?
खाली बसचा हॉर्न वाजत होता. तीस तारीख तिच्याही डोक्यात असणार, माझ्याही होती. घरी दोन पोरं आहेत तिला. मी म्हटलं, राहू दे वनिता, खरंच राहू दे.
तिने खुर्ची ओढली, माझं पेन घेतलं, माझ्या सहीखाली लिहायला लागली. शीट मी बनवलं, कधी बनवलं, कसं बनवलं. मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सही.
बस दोघींचीही चुकली.

उद्या दहा वाजता एचआरला द्यायचंय. म्हटलं, मी देऊन येते, तू टेबलावर थांब.
‘मी बी येते. आत. दारात उभी राहणार नाही.’