सहप्रवासी म्हणाल्या

२ मार्च

ती. बाबांस,
ठमीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

लग्नाची तारीख मिळाली. वीस मे, सकाळी साडेअकरा, नोंदणी कचेरी, खोली क्रमांक चार. खोली मी आधीच पाहून आले. पोपटी भिंती, आठ खुर्च्या आणि सतत शिंकणारा एक कारकून. त्या आठांतली एक खुर्ची तुमची.

विमानाच्या तिकिटापुरते पैसे बँकेतून पाठवले आहेत. दोन वर्षं चष्म्याच्या काचा घासून साठवलेले आहेत, तेव्हा परत पाठवलेत तर मी बोलणार नाही. नऊ तास नुसतं बसायचं, जेवण जागेवर येतं. उतराल तिथे आम्ही दोघं उभे असू. त्याच्या नखांत माती दिसेल, दचकू नका. तो रोपवाटिकेत काम करतो, आणि त्या दिवशी घासून आला तरी थोडी राहणारच.

आत्याचं काय करावं ते सुचत नाही. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिला लग्नाचं मी कसं कळवलं? छत्रीची चौकशी करणाऱ्या पत्राच्या तळाशी, तीन ओळींत. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, एवढं तरी कशाला कळवलंस म्हणून. त्याला आठ महिने झाले. तिकीट एकाचंच जमलं, पण दोघांचं जमलं असतं तरी ती आली नसती. तुम्ही तिच्याकडे विषय काढू नका. किंवा काढा. नको, राहू द्या.

पत्राची वाट पाहते. माया आहे तेवढीच ठेवा, जास्त मागत नाही.
तुमची ठमी


२० मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पैसे पोचले. विमानाचं तिकीट काढलेलं नाही. आता उठून पाणी पी आणि मग पुढचं वाच.

फरशा घेऊन जाणारं एक मालवाहू जहाज आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दोन-तीन खोल्या रिकाम्या असतात, त्या ते उतारूंना देतात. जेवण खलाशांच्या पंगतीला. बारा दिवसांत पलीकडच्या बंदरात. तिथून दोन आगगाड्या, तीन बस, की आलंच तुमचं गाव. एप्रिल म्हणजे तिकडे फिरायला कुणी येत नाही, त्यामुळे राहायच्या जागा निम्म्या दरात. ही अक्कल माझी नव्हे. जहाजावर एकट्याला खोली महाग पडते, दोघांत स्वस्त, म्हणून मी एक सहप्रवासी गाठले आहेत. फार सज्जन. घोरतात, पण तालात. सगळा बेत त्यांनीच कागदावर आखून दिला, अगदी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं मिळतील इथपर्यंत.

सामान प्रत्येकी एक पिशवी. माझ्या पिशवीत दोन सदरे, कात्री, टेप, अंगुस्तान आणि राखाडी कापड. तुझ्या रोपवाल्याचा कोट मी वाटेत शिवणार आहे. लग्नात त्याने तयार कोट घातला तर चाळीस वर्षांच्या शिंप्याने तोंड कुठे लपवायचं? मापं बंदराच्या मोठ्या पोस्टात पाठव, येऊन नेईन म्हणून वर लिही.

काळजी करू नकोस. करायचीच असेल तर थोडी माझ्या वाटणीची ठेव.
तुझा बाबा


१ एप्रिल

ती. बाबांस,
नमस्कार रागाचा आहे, पण शिरसाष्टांगच आहे.

पाणी प्यायले. दोन पेले. बाबा, तुमचं वय अडुसष्ट. बादलीतलं पाणी हललं तरी तुम्हाला भोवळ येते, आणि तुम्ही समुद्रावर बारा दिवस काढणार? मी आठवडाभर कारखान्यात घोकत होते की बाबा विमानाने येणार आहेत. आता सगळ्याजणी नकाशा उघडून बसल्या आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्यावर पैजा लावतात. चौघी म्हणतात पोचाल. बाकीच्या माझ्याकडे दयेने बघतात.

आणि हे सहप्रवासी कोण? कुठे भेटले? काय करतात? त्यांना पासपोर्ट सांभाळायला देऊ नका. स्टेशनांची मिनिटं पाठ असणारा माणूस सज्जन असेलच असं नाही.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. टेप लावला की तो हसतो, म्हणून कमर एक इंच इकडेतिकडे धरा. डावा खांदा जरा खाली आहे, कुंड्या उचलून.

पोचल्याचं लगेच लिहा. नाही लिहिलंत तरी लोभ आहेच, पण त्याला धार येईल.
ठमी


१६ एप्रिल

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पोचलो. चौघींना माझा नमस्कार सांग.

पहिले दोन दिवस मी जहाजाचं छत तेवढं पाहिलं. तिसऱ्या दिवशी उठून बसलो, तर समोर कप्तान, विजार गुडघ्यावर फाटलेली. मी शिवून दिली. संध्याकाळपर्यंत दारात सात खलाशी, प्रत्येकाच्या हातात काही ना काही उसवलेलं. त्यानंतर आमचं जेवण कप्तानाच्या टेबलावर. उतरताना त्याने त्याच्या मेव्हण्याच्या नावे चिठ्ठी दिली आहे. तो पुढच्या शहरात फिरस्त्यांसाठी स्वस्त वसतिगृह चालवतो. त्याला पडदे हवेत, आम्हाला खाटा हव्यात.

या बंदरात आम्ही राजासारखे राहतो. पाववाला दुकान बंद करताना उरलेला पाव निम्म्यात देतो, तेव्हा आम्ही बरोबर त्याच वेळी भुकेले होतो. चित्रांचं मोठं संग्रहालय बुधवारी फुकट, म्हणून मंगळवारी आम्ही बाहेरूनच त्याचं कौतुक केलं. आणि विद्यापीठाच्या खानावळीत काखेत पुस्तक असलं की कुणी अडवत नाही. आमच्याकडे पुस्तक नव्हतं. जहाजावरून आणलेलं, बुडताना काय करावे याचं माहितीपत्रक काखेत मारून आम्ही सूप प्यालो. मी दारात जरा घुटमळलो, तर सहप्रवासी म्हणाल्या की मान वर ठेव आणि विद्वान दिसायचा प्रयत्न कर.

कोट बेतून झाला. पुढचं पत्र वसतिगृहाच्या पत्त्यावर घाल, दहा मेपर्यंत तिथेच आहोत. पत्ता मागे लिहिला आहे.

लोभ वाढव, पाव निम्म्यात मिळतो म्हणून तोही निम्म्यात देऊ नकोस.
बाबा


२६ एप्रिल

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

सहप्रवासी म्हणाल्या?

अख्खं एक पत्र पुल्लिंग सांभाळलंत आणि दुसऱ्यात सूप पिताना घसरलात. ते वाचून मी यंत्र सुरू ठेवून उभी राहिले, एक काच पार टिकलीएवढी झाली. मग पहिलं पत्र पुन्हा काढलं. तीस वर्षं स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसून जगाला गाड्यांच्या वेळा सांगणारी आणि स्वतः तालुक्यापलीकडे न गेलेली बाई मी एकच ओळखते. तालात घोरणारीही तीच. म्हणून एका विमानाचे दोघांत तुकडे केलेत ना?

बाबा, ती कशी आहे? गुडघा कसा आहे? माझं नाव काढते का? मला कळलं आहे हे तिला सांगू नका, नाहीतर ती पुढच्या स्टेशनात उतरून परत फिरेल.

तुम्हाला एक सांगते, तुमच्यापुरतं ठेवा. त्या तीन ओळींआधी मी तिला अकरा पत्रं लिहिली होती. एक तर नऊ पानांचं होतं. त्यात तो कसा हसतो, त्याच्या घराला किती खिडक्या, तिला कुठली खोली द्यायची, सगळं होतं. प्रत्येक वाचताना वाटायचं, मी परवानगी मागते आहे, आणि तिने नाही म्हटलं तर मी काय करू? म्हणून सगळी फाडली आणि भित्रेपणाने सर्वांत छोटं पाठवलं. तिला वाटलं मला गरज नाही. मला इतकी गरज होती की लिहवेना.

हे पत्र जपून ठेवा. लोभ दोघांवर, एकीला न सांगता.
ठमी


७ मे

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जपून ठेवलं. वाचून चार घड्या घातल्या आणि उशीखाली सरकवून अंघोळीला गेलो. परत आलो तर पत्र उशीखालीच होतं, पण घड्या तीन होत्या. सहप्रवासी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. सकाळपर्यंत बरी झाली.

त्यानंतर मात्र त्यांना आवरणं कठीण झालं आहे. आम्ही दहाला निघणार होतो, त्या म्हणतात नऊला निघू. मी बावीस पडदे शिवतो, त्या खाली काउंटरवर बसतात. पाठीवर बोचकी घेतलेल्या पोरापोरींना कुठली गाडी टाळावी, कुठल्या डब्यात सावली येते ते सांगतात. भाषा येत नाही, बोट आणि वेळापत्रक पुरतं. वसतिगृहवाला त्यांना पगारावर राहा म्हणाला. काल मी त्यांना शिटी वाजवताना ऐकलं. सत्तराव्या वर्षी, ठमे, तुझी आत्या, माझी अक्का, शिटी वाजवते.

कोटाची एक बाही राहिली आहे. वीस तारखेला साडेअकरा म्हणजे साडेअकरा, आम्ही अकराला हजर.
बाबा


१८ मे, सकाळ

चि. ठमीस, आशीर्वाद.

बसवाल्यांचा संप आहे. काल दुपारपासून आम्ही या टीचभर गावात अडकलो आहोत. तुझं गाव इथून एकशे ऐंशी किलोमीटर. तुझा बाप बाकावर बसून कोटाला बटणं लावतो आहे आणि दर बटणाला उसासा टाकतो. हे पत्र दुधाच्या टँकरच्या चालकाबरोबर देते, तो तुमच्या गावी जातो. त्याच्याकडे एकच जागा आहे. तुझ्या बापाला म्हटलं तू जा, तर तो ऐकत नाही, म्हणतो मग इतक्या लांब दोघं कशाला आलो.

तेव्हा आम्ही चालायला लागणार. कुणी गाडीत घेतलं तर ठीक. रस्ता एकच आहे, चुकायची भीती नाही. तू धावपळ करू नकोस, डोळ्यांखाली काळं येतं.

बाकीचं भेटीत.
आत्या


१८ मे, दुपार

आत्या,

बाकावरून उठलीस तर याद राख. रोपवाटिकेचा छोटा ट्रक घेऊन आम्ही निघतोच आहोत. टँकरवाले काका परत तिकडेच येताहेत, त्यांच्या हाती हे देते आहे, आमच्याआधी ते पोचतील. ट्रकमध्ये चारशे रोपं आहेत, उतरवायला वेळ नाही, सगळी येताहेत.

बस. तिथेच. मी आलेच.
ठमी


९ जून, बंदर

चि. ठमी आणि जावईबापूंस, अनेक आशीर्वाद.

उद्या तेच जहाज, तोच कप्तान. ओळख पटवायला त्याने आधीच एक फाटका सदरा काढून ठेवला आहे. परतीच्या प्रवासात मी एकटा, अक्का तुमच्याकडेच, त्यामुळे खोलीत शांतता आहे आणि मला झोप येत नाही.

लग्न छान झालं. कारकून तुमच्या नावांच्या मध्येच शिंकला, तरी सही पक्की आहे. कमर एक इंच सैल निघाली, ते माझ्या नव्हे, जावयाच्या हसण्याच्या खात्यावर.

पण एक गोष्ट मला सलते आहे. तुम्ही घ्यायला आलात त्या दिवशी ट्रकमध्ये पुढे जागा तिघांची, म्हणून मी मागे रोपांत बसलो. काचेतून मला तुम्ही दिसत होतात, ऐकू काही येत नव्हतं. पहिला तासभर अक्का समोर बघत होती आणि तू तिच्याकडे. मग अक्का काहीतरी म्हणाली. जेमतेम एक वाक्य असेल. तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मग तुम्ही दोघी इतक्या हसायला लागलात की जावयाने ट्रक कडेला घेतला. मी टोमॅटोच्या रोपांतून ओरडून विचारलं, तर कुणी लक्षच दिलं नाही. अक्काला विचारलं, ती म्हणते आठवत नाही. तिला सगळ्या गाड्या आठवतात आणि हे आठवत नाही?

म्हाताऱ्यावर दया कर आणि कळव.
बाबा


१२ जुलै

ती. बाबांस, दोघांचा शि. सा. न. वि. वि.

सांगते. ती म्हणाली, “तीन ओळी मी शंभरदा वाचल्या. ‘कळावे’ आहे, ‘लोभ असावा’ आहे. ‘ये’ कुठे आहे?”

एवढंच, बाबा. इतके महिने तिला राग लग्नाचा नव्हता आणि तीन ओळींचाही नव्हता. तिने पत्र उलटंपालटं करून, पाकिटाच्या आत बघून, मी बोलावलंय का ते शोधलं होतं. आणि मी इकडे नऊ पानं फाडत बसले होते, त्यांतही तिची खोली होती, पडद्यांचा रंग होता, ‘ये’ हे अक्षर नव्हतं. मला वाटलं ते धरूनच चाललोय. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली की एवढं शिकवून पोरीला एक अक्षर लिहिता येईना. तिथून हसू सुरू झालं.

आता तिची बातमी. व्हिसा दोन महिने वाढवून मिळाला. आमच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर सुट्टीवर गेले, तर त्यांचं घर आणि चार कोंबड्या सांभाळायला ही राहिली, बिनभाड्याने. चार खोल्या, मागे बाग. रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे पाहुणे म्हणून जायचो आणि ती आम्हाला पाय पुसून आत घ्यायची. डॉक्टर परतले, कोंबड्या जाड झालेल्या पाहून खूश झाले आणि त्यांनी आपल्या बहिणीला कळवलं. बहीण सीमेपलीकडे सरोवराकाठी राहते, तिलाही सुट्टीवर जायचं आहे. तिच्याकडे दोन कुत्रे आणि एक होडी. आत्याने होडी कशी सांभाळायची असं विचारलं नाही, तिकडे जाणारी स्वस्त बस कधी सुटते एवढंच विचारलं.

आज सकाळी आम्ही तिला बसवर पोचवून आलो. खिडकीची जागा शेजारच्या बाईने घेतली होती. दोन मिनिटांत ती बाई उठली आणि आत्या खिडकीत. मी खालून म्हटलं, पोचल्यावर लिही. बस सुटली, मी फाटकापर्यंत मागे धावत हात हलवत होते. आत्याने पाहिलं नाही. तिने वेळापत्रक मांडीवर पसरलं होतं आणि शेजारणीला पुढचं काहीतरी दाखवत होती.

तुम्हाला तिचा निरोप आहे की लोकरीचा स्वेटर टपालाने पाठवा आणि माझी वाट पाहू नका. पहिलं लगेच करा. दुसरं तुमच्या मनावर.

लोभ आहेच, आता जरा फिरतीवर आहे इतकंच.
ठमी