‘अहो’ यांच्या नावे आलेल्या कॅसेट

मी, गुणवंत दत्ताराम सरफरे, वय एकोणसत्तर, मूळ गाव संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार ऊद मेथा, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. माझी पत्नी सुहासिनी गेल्या श्रावणात गेली. याआधीच्या मृत्युपत्रात सर्व काही तिच्या नावे होते. ते मी रद्द करत आहे.

१. ठाण्याचा फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि सुहासिनीचे दागिने माझी एकुलती मुलगी मैथिली हिला मिळावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ऊद मेथाचे घर भाड्याचे असून तिच्या नावावर आहे. त्यात माझे म्हणावे असे फक्त आतल्या खोलीतले कॅसेटचे कपाट आहे. त्या खोलीचा एसी मी कधी बंद करू दिला नाही. विजेच्या बिलावरून मैथिली मला बोलली. तिचे बोलणे रास्त होते.

२. टेप डेक, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि हेड साफ करण्याचे सामान देरा येथील दुरुस्तीवाले इद्रीसभाई यांना द्यावे. डेकचा पट्टा तुटला की मी त्यांच्याकडे जात असे. शेवटच्या खेपेला ते म्हणाले, “गुणवंतभाई, ये मशीन तुम्हारे बाद भी चलेगी, इन्शाल्ला.” मग स्वतःच ओशाळले आणि चहा मागवला. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही. ते चालवतील याची मला खात्री आहे.

३. कपाटातील कॅसेटबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी इथल्या एका संस्थेच्या ध्वनिसंग्रहात नोकरी केली. जुन्या टेप साफ करणे, त्यांची नक्कल काढणे, नोंद करणे हे माझे काम. ते ठाऊक असल्यामुळे गावी परत जाणारी आपली माणसे त्यांच्याकडच्या कॅसेट माझ्याकडे देऊन जात. त्या गाण्याच्या नाहीत. फोन परवडत नसे तेव्हा घरची माणसे पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवत, त्या आहेत. मी मशीन सांभाळायचो, सुहासिनी ऐकायची आणि नोंद करायची: बोलणारी व्यक्ती, कोणासाठी, गाव, विषय. संध्याकाळी शाळेतली नोकरी आटोपून आली की हेडफोन लावून बसायची. मध्येच हसली तर मी विचारायचो नाही. जे सांगण्यासारखे असे ते ती सांगायची.

नोंदी कॉम्प्युटरवर मैथिलीने घेतल्या. एकदा तिने आम्हाला विचारले, “बाबा, हू इज मिस्टर अहो? ही गॉट सो मेनी टेप्स.” सुहासिनी हसता हसता खाली बसली. म्हणाली, “अगं, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सगळ्यांचे नवरे अहोच.” “देन हाउ डू यू नो कोणाचा कोण?” मैथिलीने विचारले. सुहासिनी म्हणाली, “मागे कोण बोलतंय ते ऐकायचं.”

तेच खरे आहे. बायको नाव घेत नाही, पण मागून सासू हाक मारते, दीर काही सांगतो, शेजारीण विचारते. त्यात नाव येते.

४. श्री. संजय, ज्यांचा रास अल खोरला स्टुडिओ व गोदाम आहे, त्यांच्या ताब्यात यातील एकही कॅसेट एक दिवसासाठीही देऊ नये. कारण नोंदवून ठेवतो. एक खोके मी त्यांना नक्कल काढण्यासाठी दिले होते. त्यांनी नकलांतले मागचे आवाज परस्पर काढूनही टाकले. मला म्हणाले, “हबीबी, मागचा सगळा कचरा काढलाय. आता ऐक, मोत्यासारखा आवाज. ओरिजिनल खलास, टाकून देतो.” सुहासिनी त्याच दिवशी टॅक्सी करून गेली आणि खोके परत घेऊन आली.

पुढे समिधा ही इथल्या दवाखान्यातली नर्स आमच्याकडे आली. तिचे आजोबा किसन देऱ्याला खोलीवर राहत असत. आजी कृष्णाबाई गावी. समिधाने आजीचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या खोलीवरच्या कॅसेट याच खोक्यात होत्या. त्यात आजीची कॅसेट असेल का, एवढेच तिला विचारायचे होते. संजय यांच्या स्वच्छ नकलांत बायका बोलत होत्या, पण सगळ्या ‘अहो’ म्हणत होत्या. सुहासिनीने मूळ कॅसेट लावल्या. एका कॅसेटवर बाई बोलत असताना लांबून म्हातारीचा आवाज आला: “किसनाक सांग गो, माका बॅटरी धाड म्हणान.” आणि ती बाई कॅसेटवरच पुटपुटली, “आधी माका तरी बोलाक देवा.”

समिधा म्हणाली, “ती पणजी. बॅटरीवरून दोघी भांडल्या होत्या, आमच्याकडे अजून सांगतात.” मग म्हणाली, “काकू, पुन्हा लावा.”

सुहासिनीचा हेडफोन समिधाला द्यावा. तिने मागितलेला नाही.

५. कॅसेट मैथिलीच्या ताब्यात राहाव्यात. एखाद्या संस्थेला द्यायच्या असल्यास तिने द्याव्यात. मात्र पुढील अट लेखी घेतल्याशिवाय नाही. ऐकायला सोपे जावे म्हणून स्वच्छ नक्कल काढायला हरकत नाही. पण मूळ कॅसेट आणि तिची जशीच्या तशी नक्कल, दोन्ही ठेवाव्यात. मागचे आवाज पुसू नयेत. मैथिली, तू मला म्हणालीस, “बाबा, इट्स जस्ट बॅकग्राउंड.” माझे उत्तर या कलमात आहे.

नाव सापडेल तिथे ‘अहो’ खोडून ते नाव लिहावे. ती माणसे आहेत, त्यांची नावे त्यांना मिळाली पाहिजेत.

६. या नियमाला एक अपवाद आहे. कपाटाच्या वरच्या खणात निळ्या झाकणाची एक कॅसेट आहे. लग्नानंतर सुहासिनी संगमेश्वरला होती आणि मी इथे, तेव्हाची. पाऊस, आमच्या आईचा खोकला, भांडी. ती शाळेतल्या नोकरीचे सांगते, आंब्याचे सांगते. शेवटी म्हणते, “अहो, ऐकताय ना?” आणि थांबते. मी समोर बसलो आहे असे धरून ती उत्तराची वाट बघते. त्यानंतर कॅसेट नुसतीच फिरत राहते. ती जागा रिकामी समजून कापू नये.

त्या कॅसेटवर मागून कोणीही माझे नाव घेत नाही. मैथिलीला नाव ठाऊक आहे, ती ते भरू शकेल. तिने भरू नये. ‘कोणासाठी’ या रकान्यात ‘अहो’ एवढेच राहू द्यावे. त्या नावाने मला हाक मारणारे दुसरे कोणी नव्हते, आणि आता कोणी नाही.

७. माझे अंत्यविधी इथेच, सुहासिनीचे झाले तिथे करावेत. कोणी बोलू नये. ती कॅसेट एकदा लावावी, पूर्ण संपेपर्यंत.

वरील सर्व मी वाचून पाहिले. माझ्या मनात होते तेच यात उतरले आहे, म्हणून खाली सही करत आहे.

गुणवंत दत्ताराम सरफरे

आम्हा दोघांच्या समोर श्री. सरफरे यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही दिलेले नाही.

साक्षीदार: ममता रामेश्वर तळेकर, ऊद मेथा
साक्षीदार: जय पांडुरंग नाईक, देरा

स्थळ: दुबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५