डाव्या बाहीचं माप

आई, तुझ्यासारखी विसरभोळी बाई मी दुसरी पाहिली नाही. गेलीस, पण मोठी कात्री कुठे ठेवलीस ते सांगितलं नाहीस. एव्हाना मलाही विसरली असशील, म्हणून सांगते: मी तुझी थोरली. कळव्याच्या खोलीत मला हातमशीनवर बसवलंस आणि शाळेत घालायचं तेवढं विसरलीस. म्हणून मी बोलतेय नि नात लिहितेय. मधेच हसते ती, तिकडे लक्ष देऊ नकोस.

जन्म तुझ्या मापाच्या चिंध्यांवर काढला बघ. माप लिहायचं नाही, चिंधीवर छाटायचं. एका बाईची एक पट्टी, छातीला कात्रीचा एक छाट, कमरेला एक, आणि टोकाला तिच्याच ब्लाउजचा तुकडा टाचलेला, कोणाची ते ओळखायला. माझी पहिली पट्टी वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगवाल्या बाईची. तू बघतेस आणि माझ्या बोटांवर टेप हाणतेस. "एकच बाही मोजलीस? दोन्ही हात सारखे असतात असं कोणी सांगितलं तुला? रोज उजव्या हाताने खोकी ओढते ती!" तेव्हापासून माझ्या पट्टीवर बाहीला दोन छाट.

आता डोंबिवलीचं दुकान सून बघते. तिने सगळी मापं क्लाउडवर टाकली. म्हणजे आपली मापं लांब कुठल्यातरी कंपनीच्या कंप्युटरवर. "अहो आई, पट्ट्या उंदीर खातात. हे कुठूनही दिसतं." मग नेट गेलं, तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं आणि ते आमच्याच दुकानातून दिसेना! तेही चालवून घेतलं असतं गं. पण त्यात बाहीला जागा एकच. सुनेने पट्ट्या मोजून एकेक आकडा भरला आणि पट्ट्या उशीत कोंबल्या.

आपली एक जुनी गिऱ्हाईक आहे, शाळेतली बाई. छातीच्या ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजलेलाच राहिला. मुलीच्या लग्नात घालायचा तिचा ब्लाउज आमच्याकडचा. लग्नाच्या सकाळी डावी बाही कोपराच्या वर चढेना. भर मे महिन्यात, मुलीच्या लग्नात, शाल पांघरून उभी राहिली बिचारी. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं हो."

सुनेवर ओरडले. तर म्हणते, "दुसरी बाही टाकायची सोयच नाही त्यात. कंपनीला कळवलंय." कंपनीत कोणाला दोन हात आहेत की नाही?

दोन दिवस उशी उसवत बसलेय. बाईची पट्टी मिळाली, नवा ब्लाउज मीच कापला. त्यातच तुझी पट्टी निघाली. मशीनचा दांडा फिरवून उजवा हात केवढा जाड झाला होता गं तुझा!

एक सांगते, सुनेला कळू देऊ नकोस. एवढ्या शिव्या घालते मी, तरी नातीला म्हटलं, पणजीचंही माप टाक त्यात. उंदीर खातील म्हणून. त्या कंप्युटरने फोन नंबर मागितला, माझा दिला. उजवी बाही घेतली त्याने. डावी बाहेरच राहिली, म्हणून पट्टी कनवटीला खोचलीय. हे पत्रही तिच्यातच गुंडाळून ठेवीन, पाठवू कुठे?

पोरी, शेवटी लिही: पितृपक्षात पणजीच्या पानावर वालाचं बिरडं वाढायचं, भरपूर. खीर चमचाभरच. तिला साखर होती, ती विसरली असेल.