आतून दोन बोटं कमी

३ जून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडं आम्ही बरे, तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

पार्सल मिळालं. बाबांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेलं बघून वाटलं, मामाने बबडीला काहीतरी धाडलं. उघडलं तर पिस्तूल! अरे, दोन वर्षांची पोर आहे माझ्या घरात. मी दूध उतरवायला वळले तेवढ्यात तिने नळी तोंडात घातली, खुळखुळा असल्यासारखी. मी हिसकावूनच घेतलं. आता कपाटावर ठेवलंय, तरी सारखं लक्ष तिकडंच.

बाबांच्या मागे दुकान तुला आणि मला हे असलं? किती जुनं, कुणी बनवलं, काय किंमत येईल, असं आमचे हे विचारतात. मी काय सांगू? नीट कळव.

लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.

तुझी धाकटी

९ जून

प्रिय भित्रे,

अनेक आशीर्वाद. झुरळ बघून खाटेवर चढणारी तू, दुसरं काय लिहिणार! पणजोबांचं आहे ते. एकच बार, तोही नळीच्या तोंडातून भरायचा. बाबांनीसुद्धा कधी उडवलं नाही. मेलेलं लोखंड आहे. बाजूला शिक्का बघ, परदेशी नामी कारखान्याचा. शौकीन लोक म्हणशील त्या भावाने घेतील. दुकानाच्या वर जाईल, म्हणून तर तुझ्या वाट्याला दिलं. उपकार मान. बबडीला पापा.

तुझाच दादा

१७ जून

दादा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी वाच.

काल बबडीला कडेवर घेतलं, पिस्तूल तिच्या दुपट्यात गुंडाळलं आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. म्हातारा माणूस. किंमत सांगायच्या आधी त्यांनी एक काडी नळीत सरकवली, नळीच्या तोंडाशी अंगठ्याने धरली, बाहेर काढून नळीला लावून पाहिली. आतून दोन बोटं कमी. मग हळूच म्हणाले, पोरीला घेऊन बाहेर बाकावर बस.

भरलेलं होतं, दादा! पणजोबांनी भरलं ते तसंच. मिस्त्रींनी चिंधी काढली, शिशाची गोळी काढली, दारू काढली. चिमूटभर दारू दगडावर ठेवून पेटवली तर भस्सकन उडाली. मेलेलं लोखंड म्हणे! वर तांब्याची इवलीशी टोपी बसवतात, चाप ओढला की तिच्यातून ठिणगी पडते. ती टोपी नव्हती, म्हणून माझी पोर माझ्या मांडीवर आहे.

आणि तुझा नामी शिक्का? वेडावाकडा, नंतर कुणीतरी ठोकलेला. मूठ दोनदा चिकटवलेली. एका शिलाई मशीनइतके येतील, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. कुणाला दाखवलं होतंस का रे? का आपलं तोंडाला येईल ते सांगितलंस? मी शिकलेली नाही, पण नळीत काडी घालून बघायला शाळा लागत नाही.

धाकटी

२२ जून

प्रिय छोटे,

काय लिहू. कुणालाच दाखवलं नव्हतं. बाबा नामी म्हणायचे, मीही म्हणत गेलो. पार्सल करायच्या आदल्या दिवशी पोरांशी चोर-शिपाई खेळलो. थोरल्यावर धरून चाप ओढला. दोनदा. तो हसत होता. तुझं पत्र आल्यापासून त्याला नजरेआड होऊ देत नाही. वहिनीला यातलं काही कळवू नकोस. दुकानाचं बसून बोलू कधीतरी.

दादा

२६ जून

दादा,

नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि बबडीला उराशी धरून बसून राहिले. थोरल्याला माझ्या वतीने जवळ घे. तुझी दशा मला कळते, मीही त्यातूनच गेले.

पण म्हणून राग गेला असं समजू नकोस. कधीतरी नको, येत्या रविवारी येते. दुकानाचे दोन वाटे कसे करायचे ते त्याच दिवशी ठरेल.

आणि वहिनीपासून लपव म्हणतोस? तिच्या पोटचा आहे तो. तिला वेगळं पत्र टाकलंय, कालच्या टपालाने. तुझ्या हातात हे पडेल तोवर तिचं वाचून झालेलं असेल.

लोभ वाढवायचा का, ते आता तुम्ही दोघं मिळून ठरवा.

धाकटी