मेहुणीचा फोटो

अम्मी, अब्बांच्या वेळचा तो मोठा लाकडी कॅमेरा आता माझ्याकडे नांदेडला आहे. लातूरच्या स्टुडिओची जागा भाईजानने एका क्लासवाल्याला भाड्याने दिली. त्या क्लासवाल्याला कॅमेरा पॉलिश करून रिसेप्शनमध्ये शोभेला ठेवायचा होता. मी म्हटलं, तो माझा. आणला खरा, पण भिंगामागचा घड्यांचा भाता जागोजागी विरलेला, ज्यावर चित्र जुळवायचं ती मागची दुधी काच फुटलेली. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावून भोकं शोधली आणि प्रत्येक भोकावर बाइंडरकडचं काळं कापड चिकटवलं. नवी काच दुधी करायला ती मेकॅनिकच्या व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने घासण्यात दोन रविवार गेले. फिल्म इथे मिळत नाही, म्हणून एक्स-रेची आणते आणि लाल दिव्याखाली कापते. इथल्या क्लासमध्ये मी मुलांना भिंगाची सूत्रं शिकवते. त्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं की मात्र मला काहीच येत नाही असं वाटतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंना बसवलं. चार सेकंद बिचाऱ्या श्वास रोखून बसल्या. चेहरा उठला, पण डोळ्यांखाली काळं आलं. तू असतीस तर निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून तेवढं उजळलं असतंस. तुझ्यासारखीच मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले, निगेटिव्ह उजेडावर धरली, पेन्सिलला टोक काढलं, आणि हात पुढे जाईना. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या त्या हिवाळ्यापासून तूही पेन्सिल धरली नव्हतीस. लोक म्हणायचे, डोळे अधू झाले. तसं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो माणूस औशाकडच्या गावातून आपल्या स्टुडिओत आला होता, आठवतं ना? भूकंपात बायको घराखाली गेली आणि तिचा एकुलता एक फोटोही. बरोबर बायकोची धाकटी बहीण, साधारण माझ्याच वयाची. "दोघी सारख्याच दिसायच्या, ताई," तो तुला म्हणतो. "हिचा काढा अन् तिचा करा." तू दोनदा नाही म्हणतेस. तो जात नाही, पायरीवर बसून राहतो. शेवटी तू हा मोठा कॅमेरा बाहेर काढतेस, कारण एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरच तुझी पेन्सिल नीट चालते. मी बारावीला. एका हातात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभी आहे आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मग तो दर आठवडी बाजाराला यायला लागला. "नाक जरा बसकं हुतं." तू नाक बसकं केलंस. "कपाळाला देवीचा वण हुता." तू वण उमटवलास. "हनुवटी अशी न्हाई." चौथ्या खेपेला तो प्रिंट हातात घेऊन दारातल्या उजेडात गेला. तू विचारलंस, "आता, भाऊ?"

"आता कळंनाच झालंय, ताई. डोळे मिटले तरी हीच दिसायलीय. ती दिसंना."

तू त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवलास. दुसरं काय करणार होतीस? फोटो त्याने नेला, कागदात गुंडाळून. त्या दिवशी चुलीपुढे बसून तू मला म्हणालीस, "उसके पास जो बची थी, वो बी मैं पोंछ डाली, बेटा." मी वही उघडली.

पण पहिल्या दिवशीची एक गोष्ट तुला माहीत नाही. तू फिल्म धुवायला आत गेली होतीस, तो बाहेर बिडी ओढत होता. ती मुलगी खुर्चीवरून उठलीच नव्हती. तिने मला हळूच विचारलं, "माझा एक काढता का? माझा म्हणून?" तिचीही बहीणच मेली होती, आणि आल्यापासून तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. कॅमेरा मला लावता येत होता. डब्यात एक फिल्म शिल्लक होती. पण पाचला माझा फिजिक्सचा क्लास होता, आणि उशीर झाला की सर सगळ्यांसमोर दारात उभं करायचे. मी म्हटलं, "फिल्म संपल्या." "हाव," म्हणाली, पदर सारखा केला आणि उठली.

त्यानंतर तू कितीतरी वर्षं रोज समोर होतीस, तेव्हा हे सांगितलं नाही. आता तू नाहीस, तर हे पत्र कुठे टाकू? आणि खरं सांगू, अम्मी, तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.