भरलेल्या उपग्रहाच्या पहाऱ्यावरून सुटका मिळण्याबाबत

प्रति,
मा. मोहीम संचालक,
दूरसंचार उपग्रह प्रक्षेपण मोहीम,
प्रक्षेपण केंद्र, मुख्य इमारत.

विषय : अर्जदारास केंद्राच्या आवाराबाहेर जाण्याची परवानगी मिळण्याबाबत, ते शक्य नसल्यास अर्जदाराच्या वडिलांना फाटकावर भेटू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) त्यांवर आपण वेळोवेळी दिलेली तोंडी उत्तरे. ३) आपल्या कार्यालयाकडून सहीसाठी आलेला जबाबाचा मसुदा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे निवेदन करते.

१. अर्जदार उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत इंधन अभियंता आहे. भूस्थिर कक्षेत जाणाऱ्या सदर व्यापारी उपग्रहात इंधन भरण्यासाठी ती या केंद्रावर आली. सोबत तिचे वरिष्ठ सहकारी होते. त्यांना लहानथोर सगळे मास्तर म्हणतात, म्हणून या अर्जातही तसेच म्हटले आहे. हे इंधन विषारी असते. ते भरताना डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख घालून, नळीतून येणारी हवा घेत काम करावे लागते. ते काम दोघांनी बिनचूक केले. एकदा भरलेला उपग्रह सहजी रिकामा करता येत नाही आणि एकटाही सोडता येत नाही. टाक्यांतला दाब आणि तापमान यांवर परवानाधारक अभियंत्याने नजर ठेवावी आणि प्रत्येक पाळीला सही करावी, असा नियम आहे. असे परवानाधारक दोनच होते, मास्तर आणि अर्जदार. एरवी उपग्रह रॉकेटच्या टोकावर चढतो, रॉकेट उडते आणि इंधनवाले घरी जातात. त्याच भरवशावर अर्जदाराने बॅगेत मोजकेच कपडे घेतले होते.

२. रॉकेटची एक झडप नीट बंद होईना, म्हणून उड्डाण थोडे पुढे गेले. त्याच सुमारास मास्तरांच्या पोटात दुखू लागले. आधी त्यांनी कँटीनवर खापर फोडले, मग बोलायचेच सोडले. अपेंडिक्स निघाले. त्यांना स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत चढवताना अर्जदार शेजारी उभी होती. मास्तर म्हणाले, "चार दिवस सांभाळ. मग सुटलीसच तू." फाटक उघडले, रुग्णवाहिका गेली, फाटक लागले. त्यानंतर ते अर्जदारासाठी उघडलेले नाही.

३. अर्जदाराने लगोलग बदली अभियंत्यासाठी अर्ज केला. आपण तो वाचून म्हणालात, "बाई, उड्डाण याच आठवड्यात आहे. बदलीच्या माणसाला सुरक्षा परवानगी मिळायलाच महिना जाईल. तो येईपर्यंत इथे काय उरणार?" म्हणणे पटण्यासारखे होते. पुढच्या वेळी वरच्या हवेत वारे जोराचे निघाले. मग समुद्रातल्या मनाई क्षेत्रात मासेमारीची एक नौका शिरली आणि हलायला तयार होईना. त्यानंतर रॉकेटच्या संगणकात दुरुस्ती निघाली. दर वेळी अर्जदाराने अर्ज केला आणि दर वेळी उड्डाण याच आठवड्यात होते, म्हणून बदली मागवण्यात अर्थ नव्हता. असे करता करता इतका काळ गेला की तेवढ्यात बदलीचा माणूस येऊन, रुळून, कंटाळूनही गेला असता. अर्जदाराचा दिनक्रम मात्र ठरून गेला. विश्रामगृहाची खोली, तिथून बंद बस, मापकांची खोली, पुन्हा बस, पुन्हा खोली. खोलीच्या खिडकीतून कुंपण दिसते. कुंपणापलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या दुधाच्या गाडीचा चालक हल्ली अर्जदारास हात करतो.

४. अर्जदाराचे वडील घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारत. त्यांना घरी आणि बाजारात अप्पा म्हणतात. एवढ्या मोठ्या बाजारात त्यांनी कधी हातात भोंगा घेतला नाही. त्यांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटले, जन्मभर ओरडण्याचे हे फळ. पण तपासणीत घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकावे लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. अर्जदाराच्या धाकट्या भावाने हे फोनवर कळवले. आवारात स्वतःचा मोबाइल बाळगता येत नाही, तो फाटकावर जमा करावा लागतो. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एकच फोन आहे आणि त्यासाठी रांग असते. रांगेतल्या लोकांसमक्ष अर्जदार वडिलांना म्हणाली, "अप्पा, लवकरात लवकरची तारीख घ्या."

"घेतो की. तू कधी येतेस?"

"याच आठवड्यात."

"मग पुढच्या आठवड्यातली घेतो. शेवटचं काय बोलायचं ते समोर बसून बोलू. फोनवर माझा अर्धाच आवाज येतो."

त्या आठवड्यात उड्डाण पुढे गेले आणि अप्पांनी ऑपरेशन पुढे ढकलले. नौकेच्या वेळी पुन्हा तेच. भाऊ चिडला. "ताई, तू येणार नाहीस असं एकदा त्यांना सांगून टाक. नाहीतर हे असेच बसून राहतील." पण येणार नाही असे सांगावे, तर इकडे आपण स्वतः येणाऱ्या तारखेवर बोट ठेवून दाखवत होतात. अर्जदाराचा जीव असा दोन्हीकडून टांगणीला लागला होता.

५. अखेर उड्डाणाचा दिवस उजाडला. अर्जदाराचा बाहेर जाण्याचा पास आपण आधीच सही करून ठेवला होता, गाडीही दाराशी उभी होती. या सौजन्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. नियंत्रण कक्षात रॉकेटवाल्यांनी "तयार" म्हटले, हवामानवाल्यांनी म्हटले. उपग्रहाच्या वतीने अर्जदाराने म्हणायचे होते. त्या वेळी एका टाकीच्या दोन मापकांपैकी एकाचा आकडा हळूहळू वर सरकत होता. आपण कानातल्या यंत्रातून विचारलेत, "आकडा मर्यादेत आहे ना?"

"आहे."

"दुसरा मापक काय म्हणतो?"

"तो स्थिर आहे."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"दोघांतला खरा कुठला ते मला इथून कळत नाही. आणि हा चढतोय."

अर्जदारास समोर मापक दिसत होता आणि डोळ्यांपुढे दाराशी उभी गाडी होती. "तयार" हा एक शब्द उच्चारला असता तर त्याच दिवशी ती अप्पांसमोर बसली असती. तिने "थांबा" म्हटले.

६. रॉकेटचे टोक उघडून पाहिले तेव्हा टाकीत काहीच दोष नव्हता. मापकाची जोडणी सैल झाली होती, एवढेच. ती घट्ट केली. पण उड्डाण पुन्हा लांबले आणि घरी निघालेल्या सगळ्यांना बॅगा पुन्हा उघडाव्या लागल्या. कँटीनमध्ये अर्जदाराच्या टेबलावर कोणी बसेनासे झाले. उपग्रहाच्या मालक कंपनीला ठरल्या मुदतीत आकाशातली जागा व्यापायची होती. त्यांनी आपल्याला धारेवर धरले, हेही अर्जदाराच्या कानावर आले. आपणही या प्रकरणात कमी अडकलेले नाहीत, हे ती जाणते. तरीही आपण अहवालात जो शेरा मारलात तो तिला लागला. "घरगुती ताणामुळे अभियंत्याच्या निर्णयक्षमतेवर परिणाम झालेला दिसतो," असा तो शेरा आहे. आणि त्याच दिवशी आपल्याच कार्यालयाचा आदेश आला, की अर्जदाराखेरीज कोणाचाही निर्णय ग्राह्य नसल्याने तिने पहाऱ्यावर कायम राहावे. अर्जदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले. तिची बुद्धी ठिकाणावर नसेल तर तिला सोडावे. असेल तर शेरा पुसावा. यांतले एक तरी व्हावे, अशी तेव्हाही विनंती केली होती. "बघू," असे उत्तर मिळाले.

७. त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. अप्पांचा आवाज आता सुपातले धान्य सरकावे तसा खरखरत होता.

"का थांबवलंस?"

"आकडा चढत होता, अप्पा."

"मग बरं केलंस." ते थोडा वेळ खोकत राहिले. "पण आता मी नाही थांबत. उद्या जातो टेबलावर."

"या आठवड्यात नक्की—"

"पोरी, तुझं याच आठवड्यात मला आता पाठ झालंय. बोल, काय ऐकायचंय? आवाज आहे तोवर मागून घे."

अर्जदारास सुचले ते एवढेच, की लिलाव पुकारा. अप्पांनी विचारले, कशाचा? घरात अर्जदाराच्या लहानपणापासून एक टेबलफॅन आहे. तो फिरण्यापेक्षा कुरकुरतोच जास्त. त्याचा, असे ती म्हणाली. अप्पांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पंख्याच्या अंगी नसलेले गुण त्यांनी एकामागून एक असे काही सांगितले, की रांगेत मागे उभा असलेला रॉकेटच्या तुकडीचा फोरमन रिसीव्हरला कान लावायला पुढे आला. अनेक दिवस तो अर्जदाराशी बोलला नव्हता. त्याने बोली लावली. मग त्याच्या मागच्याने लावली. अर्जदार त्यांच्या बोली फोनवर सांगत होती आणि अप्पा पलीकडून चढवत होते. "अहो, वारा देईल ना देईल, सोबत तर देतो." सगळा व्हरांडा हसत होता. शेवटी पंखा अर्जदारास सुटला. अप्पांनी तिसरा पुकारा केला तेव्हा आवाज फाटला आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. फोरमनने अर्जदाराच्या हातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

८. ऑपरेशन व्यवस्थित झाले. अप्पा हिंडतात, फिरतात, पेज पितात. बोलत नाहीत. फोनवर अर्जदार बोलते आणि अप्पा रिसीव्हरवर बोटाने वाजवतात; एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढ्यावर पुष्कळ बोलता येते, असा तिचा अनुभव आहे.

त्यानंतर उड्डाण झाले. अर्जदाराने स्वच्छ मनाने "तयार" म्हटले. रॉकेट वर गेले, उपग्रह वेगळा झाला आणि स्वतःचे इंजिन चालवत, तिने आणि मास्तरांनी भरलेले इंधन जाळत विषुववृत्तावरच्या आपल्या जागी पोहोचला. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून एकाच जागी उभा दिसतो. मालक कंपनीच्या वाहिन्या सुरू झाल्या. आपण पेढे वाटलेत. अर्जदाराने पेढा घेतला आणि पास मागितला.

तेव्हा कळले, की त्या "थांबा"ची चौकशी झाल्याशिवाय पास देता येत नाही. चौकशी समितीवर परवानाधारक इंधन अभियंता हवा. मास्तरांना अजून प्रवासाची मनाई आहे. अर्जदारास स्वतःच्याच चौकशीवर बसता येत नाही. बाहेरून तिसरा आणावा, तर त्याच्या सुरक्षा परवानगीला महिना लागेल आणि चौकशी तर याच आठवड्यात आहे. आपण हे सांगताना खाली पाहत होतात.

नंतर आपल्या कार्यालयाकडून जबाबाचा मसुदा आला. "ताणाखाली असल्याने माझ्याकडून चुकीचा निर्णय घेतला गेला." सही करावी, चौकशी रद्द होईल, संध्याकाळी गाडी मिळेल, असा निरोप होता. अर्जदार खोटे कशाला सांगेल, तिने पेन उघडले होते. तरी सहीआधी फोन लावला आणि अप्पांना मसुदा वाचून दाखवला. "सही केली तर उद्या सकाळी घरी पोचते. करू का?" भाऊ मागून म्हणत होता, "अप्पा, हो म्हणा. येऊ द्या तिला." मग बोट दोनदा वाजले. अर्जदारास वाटले चुकून वाजले, म्हणून तिने पुन्हा विचारले. पुन्हा दोनदा.

उद्या त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसेल. त्याच्यासमोरही आकडा चढेल आणि त्याच्याही दाराशी गाडी उभी असेल. त्या वेळी त्याला या सहीची आठवण होऊ नये. मसुदा परत करण्यामागे याहून मोठे कारण नाही, आणि आपल्याविषयी राग तर मुळीच नाही.

९. आता मूळ विनंती. पास मिळावा, शेरा पुसावा, आणि यापुढे उपग्रहात इंधन भरल्या दिवशीच बदली अभियंता मागवावा, या तीन गोष्टी अर्जदाराने पूर्वीही मागितल्या आहेत आणि पुढेही मागत राहील. त्यांना वेळ लागेल. एका गोष्टीला मात्र वेळ लावून चालणार नाही.

अर्जदार बाहेर जाऊ शकत नसल्याने अप्पा येत्या रविवारी भावासोबत येथे येत आहेत. सुरक्षा कक्षाच्या नियमानुसार बाहेरच्या फाटकातून एका वेळी एकाच भेटणाऱ्यास आत घेतात आणि त्याने यंत्रासमोर उभे राहून आपले नाव, नाते व काम स्वतःच्या तोंडाने सांगायचे असते. नाही सांगितले तर फाटक उघडत नाही. अप्पा सांगू शकणार नाहीत. तरी त्या दिवशीच्या पहारेकऱ्यास लेखी सूचना द्यावी, की गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधलेले एक उंच गृहस्थ यंत्रासमोर नुसतेच उभे राहिले, तर त्यांना परत पाठवू नये. अर्जदारास बोलवावे. त्यांच्या वतीने नाव, नाते आणि काम ती आतून सांगेल.

फाटकाच्या अलीकडे थांबण्यास तयार असलेली,
आपली नम्र,

(सही)
इंधन अभियंता,
विश्रामगृह, तळमजला, कुंपणाकडील खोली.

दिनांक : चालू महिन्याची १९.

सोबत :
१) जबाबाचा मसुदा, सही न करता परत.
२) वडिलांचे छायाचित्र, फाटकावरील पहारेकऱ्यासाठी. अर्जदाराकडे हे एकच असल्याने काम झाल्यावर परत मिळावे.